आपल्या कपाटातल्या चेंडूची किंमत

(दहावी १९९१ तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि एक काम दिलं आहे. ऑफिसातल्या काचेच्या कपाटात, ढाली आणि चषकांच्या मागे सह्या केलेला जो क्रिकेटचा चेंडू आहे, त्याची किंमत सांगायची. मी मुंबईत लिलाव करणाऱ्या एका कंपनीत सोळा वर्षं हेच काम करते. जुनी नाणी, घड्याळं, पत्रं, कधी क्रीडासाहित्य आलं की त्याचं वर्णन लिहायचं आणि अंदाजे किंमत ठरवायची. गंमत अशी, की शाळेत असताना हा चेंडू आम्हा मुलींच्या हाती कधी लागलाच नाही. सीझन बॉल मुलांचा. आम्हाला लंगडी आणि खो-खो. तो पहिल्यांदा हातात घेतला गेल्या महिन्यात, वयाच्या पन्नाशीत, आणि तेही सुती हातमोजे घालून.

हे काम का निघालं ते ज्यांचं व्हॉट्सअ‍ॅपवर लक्ष नसतं त्यांच्यासाठी सांगते. शाळेच्या हॉलचे पत्रे गळतात. आपण बसलो आहोत त्या जागेवरूनच वर पाहिलंत तर डाग दिसतील. नवे पत्रे आणि मजुरी मिळून दोन लाख ऐंशी हजारांचा अंदाज आला, आणि आपल्या तुकडीने तो खर्च उचलायचा ठरवलं. एक लाख दहा हजार जमलेसुद्धा. मग ग्रुपवर कोणीतरी बातमी टाकली, की धोनीची बॅट लंडनच्या लिलावात एक लाख पौंडांना गेली. खाली कोणीतरी लिहिलं, "मग आपला चेंडू पाच लाखांना जायला हरकत नाही." आणि त्या दिवसापासून तीन आठवडे वर्गणीत एक रुपया आलेला नाही. पाच लाख येणारच आहेत, तर आपण कशाला द्या?

म्हणून किंमत आज सांगून टाकणं गरजेचं आहे. पण नुसता आकडा सांगितला तर तुम्ही म्हणाल, हिने कुठून काढला? तर आधी रीत सांगते.

धोनीच्या बॅटची बातमी खरी आहे. २ एप्रिल २०११ला वानखेडेवर ज्या बॅटने त्याने विश्वचषकाचा तो शेवटचा षटकार मारला, ती त्याच वर्षी जुलैत एक लाख पौंडांना विकली गेली. पण तो धर्मादाय लिलाव होता. २०२४मध्ये के. एल. राहुल आणि अथिया शेट्टी यांनी विपला फाउंडेशनसाठी लिलाव केला, तिथे विराट कोहलीची जर्सी चाळीस लाखांना आणि रोहित शर्माची बॅट चोवीस लाखांना गेली. शेन वॉर्नची हिरवी टोपी जानेवारी २०२०मध्ये दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर गेली, तीही वणव्यातल्या लोकांसाठी. अशा ठिकाणी घेणारा वस्तूसाठी थोडे आणि पुण्यासाठी, नावासाठी बरेच पैसे मोजत असतो. आमच्या धंद्यात हे आकडे तुलनेसाठी धरत नाहीत. इंटरनेटवर विकायला ठेवलेल्या वस्तूंच्या पुढे लिहिलेले आकडेही धरत नाहीत. आपल्या आठवडे बाजारात कोंबडेवाला सातशे म्हणतो, म्हणून कोंबडा सातशेचा होत नाही. गिऱ्हाईक तो पिशवीत घालून किती देऊन गेलं, ते पाहायचं. तसाच चेंडू, तशाच सह्या, नेहमीच्या लिलावात खरोखर कितीला गेला, तो आकडा शोधायचा. तिथून सुरुवात.

त्यानंतर चेंडूला प्रश्न विचारायचे. पहिला प्रश्न, सही खरी का? मी भिंगाखाली पाहते. बॉलपेनने चामड्यावर सही केली की टोकाचा बारीक चर उमटतो. छापलेल्या सहीला चर नसतो. आठवणीखातर विकायचे छापील सह्यांचे चेंडू बाजारात भरपूर असतात आणि वीस-पंचवीस वर्षं कपाटात राहिले की घरातली माणसं त्यांना खरे समजू लागतात. आपला चेंडू छापील नाही, एवढं आधीच सांगते, म्हणजे मागच्या रांगेतला जीव भांड्यात पडेल.

सगळ्या संघाने सह्या केलेला चेंडू ओळखायची आणखी एक खूण आहे. असा चेंडू हातोहात फिरतो. एकजण सरळ सही करतो, दुसऱ्याच्या हातात तो उलटा येतो, तिसऱ्याला जागा उरलेली नसते म्हणून तो शिवणीला चिकटून कोंबतो. गोल वस्तूवर हात टेकत नाही, त्यामुळे अक्षर घसरतं. बनावट सह्या करणारा माणूस मात्र टेबलाशी निवांत बसून एकामागून एक नावं काढतो. सगळ्यांचा कल सारखा, दाब सारखा, मधली जागा मोजल्यासारखी. १९९०च्या दशकात अमेरिकेत अशा बनावट सह्यांचा एवढा मोठा कारखाना चालला होता की एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीमच काढली. पकडलेल्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल होते! मदर तेरेसांनी बेसबॉलवर सही कधी आणि का केली असेल, हा प्रश्न घेणाऱ्यांना पडलाच नव्हता.

दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हा चेंडू इथे आला कसा? आमच्याकडे याला वस्तूचा पूर्वेतिहास म्हणतात. वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेली, आणि त्याला कागद आहे का. १९८६च्या विश्वचषकात मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने जो गोल केला, त्या सामन्याचा फुटबॉल नोव्हेंबर २०२२मध्ये वीस लाख पौंडांना गेला. विकणारा कोण होता? ट्युनिशियाचे अली बिन नासर, म्हणजे त्या सामन्याचे पंच. सामना एकाच चेंडूने झाला, संपल्यावर तो पंचांकडे राहिला, छत्तीस वर्षं त्यांच्याच ताब्यात होता. मधे एकही परका हात नाही. असा पूर्वेतिहास असला की माझ्यासारखीला फारसं काम उरत नाही.

आता याच्या उलट उदाहरण. ३१ ऑगस्ट १९६८ला स्वान्सीला गॅरी सोबर्स यांनी माल्कम नॅशच्या एका षटकात सहा षटकार मारले. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमधली ही पहिलीच वेळ. तो चेंडू म्हणून एक चेंडू २००६मध्ये लंडनला क्रिस्टीज या लिलावघरात २६,४०० पौंडांना गेला. त्यावर सोबर्स यांची सही होती, सोबत त्यांच्या सहीचं प्रमाणपत्रही होतं. यापेक्षा भक्कम काय हवं? पण पुढे एका पत्रकाराने खोदून काढलं, की विकलेला चेंडू ड्यूक कंपनीचा होता, आणि खुद्द गोलंदाज नॅश सांगत होता की त्या दिवशी तो सरिज कंपनीच्या चेंडूने टाकत होता. प्रमाणपत्रात षटकात तीन चेंडू वापरल्याचं म्हटलं होतं, तर टीव्हीच्या चित्रणात एकच चेंडू दिसत होता. २०१२मध्ये तो चेंडू बोनहॅम्स या दुसऱ्या लिलावघरात पुन्हा विक्रीला आला तेव्हा त्यांना तो मागे घ्यावा लागला. सहीबद्दल वाद नव्हता. चेंडू चुकीचा होता. पुस्तकात प्रत्येक पानावर ‘सही खरी’ लिहिलं असतं तरी उपयोग नव्हता.

हे आपल्या जिल्ह्यातल्या पोरांनीही ध्यानात ठेवावं. आपल्या पालघरचा शार्दूल ठाकूर, ज्याने लोकलच्या गर्दीत किटबॅग घेऊन मुंबईला खेपा घातल्या, त्याने जानेवारी २०२१मध्ये ब्रिस्बेनला पहिल्या डावात ६७ धावा केल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. उद्या कोणी तुम्हाला त्याच्या सहीचा ‘गाबाच्या कसोटीतला चेंडू’ विकायला आणला, तर सही पाहण्याआधी चेंडूवरचा शिक्का पाहा. ऑस्ट्रेलियात कसोटी कुकाबुराच्या चेंडूने खेळतात, इंग्लंडमध्ये ड्यूकच्या, आपल्याकडे मेरठच्या एस.जी.च्या. गाबाचा म्हणून एस.जी.चा चेंडू दाखवला, तर सही शार्दूलची असेलही, पण तो चेंडू गाबाचा नाही. मग तो चेंडू राहतो नुसता सहीचा. त्यालाही किंमत आहे, पण ती हजारांत मोजायची.

आता आपल्या चेंडूकडे येते.

लाल, चार तुकड्यांचा, भारतीय बनावटीचा चामडी चेंडू. शिक्का अर्धा पुसलेला. नऊ सह्या, सात निळ्या बॉलपेनने, दोन काळ्या. तीन नावं स्वच्छ वाचता येतात. ती नावं मी इथे घेणार नाही आणि स्मरणिकेतही छापू नयेत अशी विनंती आहे, कारण छापील पुस्तकात नाव आलं की लोक खात्री झाली असं धरतात, आणि खात्री अजून झालेली नाही. चार सह्या अर्धवट दिसतात. दोन काळ्या सह्या माझ्या मते एकाच हाताच्या आहेत. ‘र’ची आणि शेवटच्या रेघेची वळणं तंतोतंत जुळतात. यात फसवणूक असेलच असं नाही. ड्रेसिंग रूममध्ये एकजण आंघोळीला गेलेला असतो, दुसरा म्हणतो, आण इकडे, त्याचीही करतो. जगभर असं होत आलं आहे. पण मूल्यांकन करताना त्या दोन सह्या शून्य धरायच्या.

हे मी ग्रुपवर लिहिल्यावर काहींना राग आला. "म्हणजे सरांनी खोटा चेंडू आणला म्हणायचं?" असं मला विचारलं गेलं. आपले खेळाचे सर आज नाहीत, आणि त्यांच्याबद्दल मलाही तुमच्याइतकंच वाटतं. ज्या माणसाने पदरचे पैसे घालून आपल्याला तालुक्याबाहेर सामन्यांना नेलं, त्यांच्यावर संशय घ्यायला मी उभी नाही. पण सरांना तो ज्याने दिला त्याला तो कुणी दिला, हे सरांनाही ठाऊक असेलच असं नाही. आणि खरं सांगू का, सरांच्या बाजूने बोलणारा सर्वांत पक्का पुरावा आपल्यापैकी कोणाच्या आठवणीत नव्हता. तो शाळेच्या ऑफिसात होता.

चेंडू कसा आला याच्या ग्रुपवर तीन कथा आहेत. एक, सरांनी वानखेडेच्या दारात उभं राहून सह्या घेतल्या. दुसरी सर्वांत लाडकी. नाशिकला सामन्याला निघालेल्या संघाची बस जव्हारजवळ बंद पडली आणि सरांनी सगळ्यांना चहा पाजून सह्या घेतल्या. ही कथा ऐकायला गोड आहे, पण मुंबईहून नाशिकला जाणारी बस कसारा घाट सोडून जव्हारला वळसा कशाला घालेल? तिसरी कथा, सरांच्या ओळखीतल्या कोणीतरी मुंबईहून भेट दिला.

मी मुख्याध्यापक सरांना विनंती केली, की जुनी डेडस्टॉकची वही, म्हणजे जडवस्तू संग्रह नोंदवही, सापडते का पाहा. खुर्च्या, घंटा, नकाशे, मापं यांची नोंद ज्यात होते ती. दोन दिवसांनी ती सापडली, वाळवीने कोपरे खाल्लेली. त्यात १९८८च्या डिसेंबरात, दोन फुटबॉल आणि एका पंपाच्या खाली, आपल्या सरांच्या वळणदार अक्षरात ओळ आहे. क्रिकेट बॉल, सह्यांसह, नग १. पुढच्या रकान्यात भेट देणाऱ्याचं नाव आणि ‘मुंबई’. किंमतीच्या रकान्यात ‘निरंक’. खाली तेव्हाच्या मुख्याध्यापकांची सही.

मला ती ओळ वाचून फार आनंद झाला. सोळा वर्षांत माझ्यासमोर आलेल्या किती वस्तूंबरोबर नंतर लिहून घेतलेली प्रमाणपत्रं होती! त्या काळी, विक्रीचा विचारही मनात नसताना, सरकारी तपासणीसाठी केलेली नोंद क्वचितच मिळते. आता कोणालाही सिद्ध करता येईल, की हा चेंडू या सह्यांसकट १९८८च्या डिसेंबरात मोखाड्यात होता. म्हणजे त्यानंतर कोणी सह्या घातल्या ही शंका गेली. तिसरी कथा खरी निघाली, आणि सरांनी भेट देणाऱ्याचं नाव लिहून ठेवलं होतं. आपलं श्रेय लावलं नव्हतं.

पण त्याच ओळीने समितीची अडचणही केली आहे. डेडस्टॉकला लागलेली वस्तू शाळेची असते. ती आपल्या तुकडीची नाही, सरांच्या घरच्यांचीही नाही. विकायची तर संस्थेचा ठराव हवा, रीतसर निर्लेखन हवं. मालकी साफ नसलेली वस्तू कोणतंही बरं लिलावघर हातात घेत नाही. आपण गाडीत टाकून मुंबईला नेली आणि विकली, असं होत नाही.

राहिली स्थिती. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. चार महिने भिंतीला ओल, कपड्यांना वास, चामड्याला बुरशी. चेंडूच्या एका अंगाला बुरशीचे पांढरे ठिपके आहेत. दुसऱ्या अंगाला त्याहून वाईट घडलं आहे. स्नेहसंमेलनाच्या आधी ट्रॉफ्या चमकवायचं काम ज्या दोघा मुलांकडे होतं, त्यांनी चेंडूही बुटाच्या लाल पॉलिशने चमकवला. दीड सही त्यात गेली. नावं घेत नाही. दोघंही दुसऱ्या रांगेत बसले आहेत आणि त्यातला एक आता स्वतः शिक्षक आहे.

तर आकडा. आज आहे त्या स्थितीत, नेहमीच्या लिलावात, तीन ते पाच हजार रुपये. वाचता येणाऱ्या तीन सह्या त्याच काळातल्या खात्रीच्या नमुन्यांशी जुळल्या आणि डेडस्टॉकच्या पानाची साक्षांकित प्रत सोबत जोडली, तर बारा ते पंधरा हजार. त्यातून लिलावघराचं कमिशन जाईल, तज्ज्ञाची फी जाईल. पुण्याला सहकारनगरात ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेटचं संग्रहालय आहे. सह्यांच्या बॅटी आणि चेंडू जवळून पाहायचे असतील तर जरूर जा, म्हणजे सामन्यात वापरलेली, नावानिशी नोंद असलेली वस्तू आणि आपला चेंडू यांतलं अंतर डोळ्यांनी दिसेल. पाच लाख येणार नाहीत. पन्नास हजारही येणार नाहीत. हॉलच्या एका कोपऱ्याचे पत्रेही त्यातून होणार नाहीत.

माझं मत विचाराल तर विकू नये. पंधरा हजारांसाठी ठराव, निर्लेखन, मुंबईच्या खेपा करण्यात अर्थ नाही. पण हे मत झालं, निर्णय संस्थेचा.

ठेवायचा असेल तर नीट ठेवा. काचेच्या कपाटात खिडकीसमोर नको, उन्हाने शाई उडते. झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवा, चेंडूला न टेकता सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात महिन्याला बदला. बुरशी कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडायची. तेल नाही, पॉलिश नाही, वार्निश नाही. डेडस्टॉकच्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा, आणि वहीला वाळवीपासून वाचवा. माझ्या दृष्टीने ती वही चेंडूपेक्षा नाजूक आहे.

आणि एक काम आजच होऊ शकतं. भेट देणारे गृहस्थ शाळेत आले होते, तेव्हा प्रार्थनेनंतर चेंडू सगळ्यांना दाखवला होता, असं आपल्यातल्या चार-पाच जणांना आठवतं. त्यांनी ते वेगवेगळं बसून, एकमेकांना न विचारता लिहून द्यावं आणि खाली सही करावी. तारीख आठवत नसेल तर अंदाजाने घालू नका. तुम्ही कोणत्या वर्गात होता, चेंडू कोणी हातात धरला होता, पॉलिश लागण्याआधी त्यावर कोणतं नाव वाचल्याचं आठवतं, एवढंच लिहा. कोणाकडे त्या दिवसाचा फोटो असेल तर मूळ फोटो स्वतःकडेच ठेवा, प्रत द्या, मागे काही लिहिलेलं असेल तर त्याचीही. हे सगळं नोंदवहीच्या पानासोबत एका पाकिटात शाळेत राहील.

कोरे कागद मी आणले आहेत, दाराशेजारच्या टेबलावर ठेवले आहेत. पत्र्यांच्या वर्गणीची वहीही तिथेच आहे. त्यात अजून एक लाख सत्तर हजार कमी आहेत.